लोडरला मागचे वजन हवेच

बैलगाडी भरणारा जाणता शेतकरी माल कसाही टाकीत नसे. गाडी उलाळ होऊ नये आणि बैलांच्या मानांवर फाजील भारही येऊ नये, अशा बेताने तो ओझे मागेपुढे लावी. ट्रॅक्टरला पुढचा लोडर जोडून शेणखत किंवा माती भरताना मात्र हा विचार पुष्कळदा विसरला जातो. लोडर विकत घेतला जातो. मागे लावावयाचे वजन ‘पुढे पाहू’ म्हणून राहून जाते. ही काटकसर नव्हे, जिवाशी खेळ आहे.

यामागील कारण साधे आहे. बकेट पुढच्या आसाच्याही पुढे असते. त्यामुळे तो आस तरफेचा टेकू बनतो. समजा, दोन आसांमधील अंतर २ मीटर असून, बकेटमधील ५०० किलो ओझे पुढच्या आसापासून १.५ मीटर पुढे आहे. अशा वेळी मागील चाकांवरील भार ३७५ किलोंनी घटतो व पुढच्या आसावरील भार ८७५ किलोंनी वाढतो. लोडरचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. सामान्य ट्रॅक्टरची ओढ व ब्रेक मागील चाकांवरच असतात. ती चाके हलकी झाली की उतारावर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर आवरत नाही. शिवाय पुढचा आस मध्यावर एकाच खिळीवर डुलतो. भार पुढे सरकला की ट्रॅक्टर कुशीवर कलंडण्यास एखादा खड्डाही पुरतो.

मागील आसाच्या १ मीटर मागे ५०० किलो वजन लावल्यास मागील चाकांवर ७५० किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरील २५० किलो उतरतो. चाकांना लावलेली लोखंडी वजने किंवा टायरांत भरलेले पाणी यांनी पकड वाढते, हे खरे. परंतु पुढच्या आसाचे ओझे त्यांनी हलके होत नाही. याकरिता वजन आसाच्या मागे, लिंकेजवरच हवे. प्रत्येक बाजूस ६० सेंटिमीटर असा काँक्रीटचा भरीव ठोकळा सुमारे ५०० किलो भरतो. मात्र नेमके वजन ट्रॅक्टर व लोडर यांच्या पुस्तिकांप्रमाणेच ठरवावे, आणि ठोकळ्यातील कड्या व पिना जाणत्या कारागिराकडून बसवून घ्याव्यात.

एकच ट्रॅक्टर असणाऱ्यास ट्रॉली जोडताना ठोकळा आड येतो, ही अडचण खोटी नाही. परंतु एकाच्या लोडरने भरावे व दुसऱ्याच्या ट्रॉलीने वाहावे, अशी सावड शेजाऱ्यांत सहज होऊ शकते. वजनाऐवजी मागे दोन गडी उभे करणे हा उपाय मात्र सर्वथा निंद्य होय. माणूस हे वजन नव्हे. हिसका बसताच तो चाकाखाली जातो.

वजन लावले म्हणजे सावधगिरी संपली, असेही नाही. चालताना बकेट जमिनीपासून सुमारे एक फुटावर ठेवावे. ते उंच धरून वळू नये. उतारावर भरलेले बकेट चढाच्या बाजूस असावे, म्हणजे उतरताना ट्रॅक्टर मागे घ्यावा. उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये. लोडर काढल्यावर मागचे वजनही उतरवावे. नाहीतर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग दाद देत नाही.

विक्रेत्याने वजनाविना लोडर देऊ नये, शेतकऱ्याने तो घेऊ नये आणि गावच्या कार्यकर्त्याने खळ्यावर वा उकिरड्यावर लोडर दिसताच प्रथम त्याच्या मागे काय आहे ते पाहावे. ठोकळ्याचा खर्च एकदाच होतो. घरचा कर्ता माणूस गेल्यास ती हानी कोणत्याही पिकाने भरून निघत नाही.