भाची निघाली पोर्तो रिकोला

आमच्या घराण्यात डॉक्टर तीन, इंजिनियर मोजायचे आम्ही सोडून दिले आहेत, आणि नर्स एकटी मी. १९७३ साली मुंबईतल्या एका इस्पितळाच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी नाव घातले, तेव्हा 'परक्यांची अंगे पुसायला जाणार म्हणे' असे म्हणून आजीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. पुढे तिच्या अखेरच्या दुखण्यात तिची पाठ पुसायला मीच होते. पण तो विषय वेगळा. सांगायचे एवढेच की, त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी न्यू जर्सीहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला आणि रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "ताई, पोरगी नर्स व्हायचं म्हणते!" तेव्हा मला साक्षात आजीच बोलते आहे असे वाटले. त्यातून भाचीला हे शिक्षण घ्यायचे होते ते घराजवळ नव्हे, तर पोर्तो रिको नावाच्या बेटावर आणि तेही स्पॅनिश भाषेत!

मी नकाशा काढून बसले. कॅरिबियन समुद्रातले हे बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेसेच मोठे. शंभर मैल लांब, पस्तीस मैल रुंद. तिथले लोक आपल्या बेटाला कौतुकाने 'शंभर बाय पस्तीस' असेच म्हणतात. २०२० च्या शिरगणतीत वस्ती भरली सुमारे तेहतीस लाख. चारशे वर्षे राज्य स्पेनचे. १८९८ च्या युद्धात अमेरिकेने ते घेतले, १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व दिले. मात्र बेटावर राहणाऱ्याला आजही अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. नव्या राज्यकर्त्यांनी शाळांत इंग्रजी आणली. पोरांनी ती पाठ केली आणि घरी येऊन स्पॅनिशमध्येच भांडली. अखेर १९४९ मध्ये शाळांचे माध्यम पुन्हा स्पॅनिश झाले. माध्यमाच्या भांडणाची चव मराठी वाचकाला निराळी सांगायला नको.

हे झाले पुस्तकातले. पण पोरीला तिथेच का जायचे होते? फी कमी, हे एक कारण तिने आईला सांगितले. खरे कारण मला सांगितले. घराजवळच्या एका इस्पितळात ती सुट्टीत हौसेने मदतीला जात असे. निम्मे रोगी स्पॅनिश बोलणारे. दुभाषा असे, पण टेलिफोनवर. "मावशी," ती म्हणाली, "एक म्हातारी पाच मिनिटं बोलत होती. हातवारे करत, पोट दाखवत, मधेच रडत. आणि फोनवरचा माणूस मला म्हणाला, 'तिला दुखतंय.' बस्, एवढंच!"

ज्याने वॉर्डात एक रात्र काढली आहे त्याला या 'एवढंच'चा अर्थ कळेल. आपल्याकडे रोगी नुसते 'दुखते' म्हणून थांबतो का? ठणकते, चमक मारते, कळ येते, जळजळते, ओढ लागते, मुरडा येतो, मुंग्या येतात. यातल्या प्रत्येक शब्दाला वॉर्डात निराळी धावपळ आहे. माझ्याबरोबर शिकायला केरळातून आलेल्या मुली होत्या. पहिल्या महिन्यात 'पाणी' आणि 'थांबा' एवढ्या दोन शब्दांवर त्यांचे चाले. पुढे त्यांनी ठणका आणि कळ यांतला फरक असा आत्मसात केला की, नवे मराठी डॉक्टर त्यांना विचारून घेत. ही भाषा त्यांना कुठल्या वर्गात कोणी शिकवली नव्हती. ती खाटेशी शिकावी लागते.

आणि ती नसली तर काय होते याचे एक उदाहरण अमेरिकेत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतात. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणले. घरची मंडळी क्यूबाची. ती म्हणाली, मुलगा 'इन्तोक्सिकादो' झाला आहे. त्यांच्या बोलीत याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे. इंग्रजीत याच्याच जवळचा शब्द नशा केलेल्याला लावतात. डॉक्टरांनी मादक द्रव्याचा अतिरेक समजून उपचार केले; दुभाषा बोलावलाच नाही. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. ते कळले तेव्हा उशीर झाला होता. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे गेले. भरपाईचा आकडा सात कोटी डॉलरांच्या वर गेला, पण हातपाय काही परत आले नाहीत.

तेव्हा बहिणीला मी सांगितले, पोरीला जाऊ दे. आणि तिला तिथे पोचवायला २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी बहिणीही बरोबर गेलो.

न्यूअर्कहून विमानाने चारेक तासांत सान हुआन. चाके जमिनीला टेकताच सगळ्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या! माझी बहीण दचकली. मला मात्र गाव एकदम आवडले. खोली मिळाली ती रिओ पिएद्रास भागात एका विधवा बाईंकडे. खिडक्यांना लोखंडी गज, गॅलरीत जनरेटर, आणि रात्र पडली की 'कोकी, कोकी' असे ओरडणारे इवलेसे बेडूक. पहिल्याच दिवशी बाईंनी जेवायला वाढले तो भात पाहून मी चमचा खाली ठेवला. भातात तूर! चक्क तुरीचे दाणे. गांदुलेस म्हणतात त्यांना, आणि सणावाराला हा भात नसेल तर तिथे सण झाला असे कोणी मानत नाही. मूळची आपल्या देशातली ही तूर कुठे कुठे जाऊन राहिली पाहा. बहिणीने दोनदा घेतला. तिच्या जिवाची निम्मी धास्ती त्या भाताने घालवली असे माझे मत आहे.

भाषेचे मात्र भाचीला जड गेले. शाळेत चार वर्षे स्पॅनिश शिकली होती, पण ती पुस्तकी. इथे लोक भराभर बोलणारे, 'स' गिळणारे, 'र'चा 'ल' करणारे. संत्र्याला म्हणतात चीना, बसला म्हणतात ग्वाग्वा. कॉलेजात तर खिचडीच होती: पुस्तके इंग्रजीत, शिकवणे स्पॅनिशमध्ये, रोग्याचे बोलणे बेटाच्या बोलीत. पहिले सहा महिने ती रोज रात्री फोनवर रडायची. परत ये, असे तिची आई रोज म्हणायची.

यातून तिला बाहेर काढले ते व्याकरणाने, आणि तेही आपल्या मराठी व्याकरणाने. इंग्रजीत 'मी आवडवतो' अशा थाटाची वाक्ये, कर्ता मी. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता', म्हणजे सरळ 'मला आवडते'. 'मे दुएले', म्हणजे 'मला दुखते'. दुखणे मी करत नाही, ते मला होते! वर्गातल्या न्यूयॉर्ककडच्या मुली या रचनेशी महिनोन् महिने झगडत होत्या. घरात मराठी ऐकून वाढलेल्या हिला ती एका संध्याकाळी उमगली. तिथे धाकट्याला 'तू' म्हणतात, अगदी आपलाच 'तू', वडीलधाऱ्याला 'उस्तेद'. खाटेवरच्या आजोबांना 'तू' म्हटले तर ते तोंड फिरवतात, हे तिला शिकवावे लागले नाही. आणि पुढची गंमत ऐका. हातापायाला मुंग्या येतात त्याला स्पॅनिश शब्द ओर्मिगेओ, आणि ओर्मिगा म्हणजे मुंगी! पोटातल्या मुरड्याला रेतोर्तिहोन, तोही पिळणे-मुरडणे या धातूवरून. दोन टोकांच्या दोन आज्यांच्या पोटात एकच दुखणे उठते आणि त्याला दोघी एकच उपमा देतात.

पण साम्यावर विसंबून नर्सला चालत नाही. दुसऱ्या वर्षी मुलांच्या वॉर्डात एक आजी नातवाला घेऊन आली आणि म्हणाली, रात्रीपासून याला 'फातिगा' आहे. कोशात फातिगा म्हणजे थकवा. भाचीने तसेच लिहून घेतले आणि मुलाला निजवू लागली. शेजारच्या वयस्क नर्सने ते ऐकले मात्र, हातातले सोडून ती नेब्युलायझर आणायला धावली. या बेटावर फातिगा म्हणजे धाप, दमा. आणि पोर्तो रिकोच्या मुलांत दम्याचे प्रमाण फार मोठे आहे. पोराला वेळेवर औषध मिळाले, संध्याकाळी ते खाटेवर उड्या मारत होते. भाची मात्र त्या रात्री जेवली नाही.

तिथल्या घरांत लहान मूल बाहेर जाताना वडीलमाणसाला म्हणते, 'बेंदिसिओन', आशीर्वाद द्या. आणि वडील म्हणतात, 'दिओस ते बेंदिगा', देव तुझे भले करो. फोन ठेवतानासुद्धा हे चुकत नाही. तान्ह्या मुलाच्या मनगटाला दृष्ट लागू नये म्हणून आसाबाचे नावाचा काळा खडा बांधतात. सलाइनची सुई लावताना तो काढायचा की नाही यावर वर्गात चर्चा झाली, तेव्हा भाचीने सांगितले, "आमच्याकडेही काळे मणी असतात. काढायचे नसतात, दुसऱ्या हातात सरकवायचे असतात." हे तिने माझ्याकडून ऐकलेले.

सलाइनवरून आठवले. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया नावाचे चक्रीवादळ या बेटावरून गेले. मृतांचा सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ होता. नंतर विद्यापीठाच्या अभ्यासावरून २०१८ मध्ये तो २,९७५ मानला गेला. बहुतेक माणसे वाऱ्याने मेली नाहीत. मागाहून, वीज नाही, औषध नाही, रस्ता नाही, म्हणून गेली. घरमालकीण बाईंना मधुमेह. इन्सुलिन थंड ठेवण्यासाठी त्या बर्फाच्या रांगेत रोज उभ्या राहत. आणि अमेरिकेतल्या इस्पितळांना लागणाऱ्या सलाइनच्या लहान पिशव्या बनत याच बेटावर! वादळाने कारखाने बंद पडले आणि मुख्य भूमीवर नर्सेस हातात सिरिंज धरून, घड्याळाकडे बघत, औषध थेंबाथेंबाने टोचत बसल्या. ज्या बेटाचे नाव अनेकांना नकाशात दाखवता येत नव्हते, त्याची ओळख त्यांना अशी झाली.

आता शेवटचे वर्ष चालू आहे आणि घरात पुन्हा वाद आहे. बेटावर नर्स म्हणून काम करायचे तर तिथली स्पॅनिशमधली परीक्षा, मुख्य भूमीवर करायचे तर इंग्रजीतली. पगार तिकडे कितीतरी जास्त. म्हणून बेटाच्या नर्सेस फ्लोरिडा-टेक्सासकडे चालल्या आहेत. भाचीला वॉर्डात शिकवणाऱ्या तिघींपैकी दोघी गेल्या. फातिगाचा अर्थ जाणणारी ती वयस्क बाई तेवढी राहिली आहे, तीही पुढच्या वर्षी निवृत्त होणार. बहिणीला वाटते मुलीने इंग्रजी परीक्षा देऊन घरी यावे. मला वाटते, पोरीने निदान दोन वर्षे त्या बाईच्या जागी उभे राहावे आणि मग कुठे जायचे तिथे जावे. बहिणीला हे मत मुळीच पटलेले नाही. भाचीने दोन्ही परीक्षांची तयारी चालवली आहे आणि दोघींनाही काही सांगत नाही.

सध्या तिने एक वही केली आहे. तीन रकाने: बेटावरचा शब्द, त्याचा वॉर्डातला अर्थ, आणि मराठी. अडले की मला विचारते. परवा उलटा प्रश्न आला. "मावशी, आजी म्हणायची ना, 'मला कसंतरीच होतंय'? ते कुठल्या रकान्यात घालू? म्हणजे नक्की काय होतं?"

मी म्हटले, "नक्की काय ते सांगता येत नाही. पण म्हातारं माणूस असं म्हणालं की नाडी बघ, ब्लडप्रेशर घे, आणि डॉक्टरला तेव्हाच्या तेव्हा उठव. रात्रीचे तीन वाजले असले तरी."