बाटलीवरचा मसाला आणि बाटलीतले मद्य



आपल्याकडच्या लग्नांत, संगीताच्या रात्री, किटी पार्टीत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते: "अगं, ही दारू कुठे? जिन आहे ही. सगळी वनस्पतींची." बोलणारी शिकलेली असते, पर्युषणात एकासन करणारी असते, कांदा-लसूण घरात येऊ न देणारी असते. म्हणूनच या वाक्याला सरळ उत्तर द्यायला हवे. जिन ही दारूच आहे. वेलची घातली तरी दारू, गुलाब घातला तरी दारू.

आधी ती बनते कशी ते पाहू. धान्य किंवा उसाची मळी आंबवायची, तिचे ऊर्ध्वपातन करून जवळजवळ बिनचवीचे कडक स्पिरिट काढायचे, मग त्याला जुनिपर या झुडपाच्या फळांचा आणि इतर वनस्पतींचा वास द्यायचा. झाली जिन. युरोपच्या नियमाप्रमाणे तिच्यात किमान ३७.५ टक्के अल्कोहोल असावेच लागते. आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. हिशेब आपणच करू: ७५० मिलीच्या बाटलीत सुमारे ३२० मिली शुद्ध अल्कोहोल. उरलेले बहुतेक पाणी. धणे आणि वेलची फक्त वासापुरती.

पण जाहिरात होते ती त्या वासाचीच. लहान भट्ट्यांत बनणाऱ्या या 'क्राफ्ट जिन' गेल्या काही वर्षांत गोव्यात पुष्कळ निघाल्या. एकीत मिरे, जायपत्री, धणे. दुसरीचे नावच 'हपुसा'. हपुषा म्हणजे जुनिपर. आयुर्वेदातले हे जुने नाव. तिच्यात हिमालयातले जुनिपर, हळद, आंबा, वेलची. वाचताना वाटते, आपलाच मसाल्याचा डबा उघडला! इथेच आपण फसतो. गुलाबपाणी काढताना पाहिले असेल तर आठवा: वाफेबरोबर जातो तो सुगंध, बाकीचा चोथा भांड्यातच राहतो. हळदीचा रंगसुद्धा त्या वाफेबरोबर वर जात नाही. जी हळद बाटलीतले पाणी पिवळे करू शकत नाही, ती आपल्या अंगाला कसला गुण देणार?

आता देशाबाहेर पाहू. वेगळेपणाच्या हव्यासाला तिथे धरबंध राहिलेला नाही. इंग्लंडच्या केंब्रिज डिस्टिलरीने मुंग्यांची जिन काढली. एका बाटलीत सुमारे ६२ मुंग्यांचा अर्क. ऑस्ट्रेलियातल्या एका जिनमध्ये हिरव्या मुंग्या बाटलीतच तरंगताना दिसतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली एक प्रसिद्ध जिन कच्च्या मधाची आहे. दक्षिण आफ्रिकेत हत्तीच्या शेणातून निवडलेल्या वनस्पतींची जिन विकली जाते. हे सारे 'बोटॅनिकल' म्हणजे वनस्पतिजन्य घटकांच्या यादीत बसते आणि कौतुकाने प्यायले जाते. आपण मात्र उंबराचे फळ आत किडे असतात म्हणून तोंडात घालत नाही. मुंगी चिरडू नये म्हणून पिठाची रेघ झाडून बाजूला सारतो.

यावर उत्तर तयार असते: "आमच्या बाटलीत मुंगीही नाही आणि मधही नाही. बाटलीवर व्हेगन लिहिले आहे." बरे. मग घटकांची यादी पुढे वाचा. बहुतेक जिनमध्ये ॲन्जेलिकाचे मूळ असते, पुष्कळांत ओरिस म्हणजे आयरिसचा कंद असतो. बटाटा टाळणाऱ्या घरात हे कंदमूळ कुठल्या दाराने आले?

तरी माझा आक्षेप घटकांवर थांबत नाही. उद्या कोणी कंदमुळाशिवाय, सूर्यास्तापूर्वी, गाळलेल्या पाण्याने जिन बनवली तरी ती चालणार नाही. मद्यत्याग अष्टमूलगुणांत आहे, श्रावकपणाच्या अगदी पहिल्या पायरीवर. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात त्याची दोन कारणे सांगितली आहेत. एक, मद्य ही असंख्य जीवांची उत्पत्तीची जागा आहे. इडलीच्या पिठाची, दह्याची मर्यादा मोजणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावायला नको. इथे तर दिवसचे दिवस आंबवलेला घोळ नंतर उकळला जातो. दुसरे, मद्याने मन मोहित होते, मोहित मन धर्म विसरते आणि धर्म विसरलेला माणूस बेधडक हिंसा करतो. या दुसऱ्या कारणावर 'व्हेगन' शिक्क्याचा काहीच इलाज नाही.

'औषधी' हा शिक्काही नवा नाही. जुनिपरचे मद्य युरोपात आधी औषध म्हणूनच विकले जाई. पुढे अठराव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्या जिनमध्ये इतक्या बुडाल्या की पार्लमेंटला एकामागून एक कायदे करावे लागले. १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने 'जिन लेन' हे चित्र काढले: नशेतली आई, आणि तिच्या हातून निसटून खाली पडणारे मूल. इंग्रजीत जिनला 'मदर्स रुइन', आईचा सर्वनाश, असे टोपणनाव आहे. ज्या पेयाला हे नाव मिळाले, ते आज बायकांचे 'हलके' पेय म्हणून आपल्या हातात दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका मद्याने वाढतो, हेही सिद्ध आहे.

एक प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तरुण मुली तो विचारतात: "पुरुष पितात तेव्हा कुठे असतो तुमचा धर्म?" खरे आहे. घरचा मुलगा 'व्यवसायासाठी घ्यावी लागते' म्हणाला की आपण ताट वाढून गप्प बसतो, आणि सुनेच्या हातात ग्लास दिसला की समाज बुडतो. अष्टमूलगुण फक्त श्राविकेसाठी सांगितलेले नाहीत. पण पुरुषांच्या व्यसनात वाटा मागणे ही कसली बरोबरी? त्यांचाही ग्लास खाली ठेवायला लावू या.

त्यासाठी भांडण नको. कोणाच्या लेकीने घेतली म्हणून तिला दार बंद करू नका. रागावलेल्या घरापेक्षा बार लवकर जवळचा वाटतो. पण घरच्या लग्नाची बोलणी होतील तेव्हा मेनूत 'जैन काउंटर'चा आग्रह धरणाऱ्या आपणच बारच्या खर्चालाही नाही म्हणू या. कोकम सरबत आणि पन्हे वाढायला कुठल्याच मांडवात लाज नाही. आणि कोणी बाटली पुढे करून त्यातल्या वनस्पती वाचून दाखवू लागली, तर तिला प्रेमाने एवढेच सांगा: "ताई, यादी राहू दे. तो टक्क्यांचा आकडा वाच."