टाळ्यांचा अनुभव

“अभ्यास, सर्वेक्षण, आलेख हे पगारी माणसांचे चोचले. शेती आणि धंदा अनुभवावर चालतो,” असं एका यशस्वी गृहस्थांनी परवा जालन्यातल्या मस्तगड किल्ल्याजवळच्या कार्यक्रमात ठणकावून सांगितलं. दाखला जालना जिल्ह्यातल्याच कडवंचीचा: शेततळी झाली, द्राक्षं आली, गाव श्रीमंत झालं, कुठलं पुस्तक वाचून? टाळ्या पडल्या. मग गडालाही साक्षीला काढलं. काबिलखानानं 1725 मध्ये हा बांधला, तेव्हा कुठला रिपोर्ट मागवला होता? मागवला नव्हता, हे यांना कोणी सांगितलं, ते काही कळलं नाही.

आता कडवंची. तिथं तळ्यांच्या आधी पाणलोटाचं काम झालं; 1996 ते 2002, इंडो-जर्मन कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मंडळींनी शिवार मोजून, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. पण बघायला जाणाऱ्यांना तळ्यातला प्लास्टिकचा कागद दिसतो, बांध दिसत नाही.

आणि त्या तळ्यात पाणी कुठलं? शेततळं म्हणजे पावसाचं वाहतं पाणी धरायचं. 2016 मध्ये सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली ती त्याचसाठी. आपण काय करतो? कागद अंथरतो, विहिरीवर मोटार टाकतो आणि दिवाळीच्या आत तळं भरून घेतो. खडकाच्या पोटात सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवतो! 30 बाय 30 मीटरचं तळं घ्या, मे महिन्यात दिवसाला 8 मिलिमीटर उडालं असं धरा: रोजचे 7,200 लिटर गेले. शेजाऱ्याची विहीर आटली की तो बोअर मारतो, मग तळं खोदतो. “भरून ठेवलं म्हणून वाचलो,” हा दोघांचाही अनुभव. खराच आहे, फक्त बांधापलीकडचा हिशेब त्यात धरलेला नाही. कडवंचीतल्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच मांडलंय. पण ते पडले पगारी.

कापसाच्या बियाण्यावरून एका दुकानदाराशी माझं असंच वाजलं होतं. शेजाऱ्याला भरघोस पिकलं, तीच पिशवी न्या, म्हणाला. शेजाऱ्याची जमीन काळी, आमची मुरमाड. पिशवीवर ते छापत नाहीत.

अभ्यासावर आणखी एक आक्षेप: तज्ज्ञांचं आपसांत पटत नाही म्हणे. नाही पटत, म्हणूनच चुका सापडतात.

शिवाय व्याख्यानाला बोलावतात ते तरलेल्यांनाच. 2012-13 च्या दुष्काळात ज्यांनी आपल्या हातानं मोसंबीवर कुऱ्हाड चालवली, त्यांच्या गळ्यात कोणी हार घातला?

माझं म्हणणं थोडकं आहे. पैसा ओतण्याआधी विचारा: हेच करून बुडाले किती? आकडा कुठल्या जमिनीवरचा? माझ्या फायद्याचा भार कोणावर?

गृहस्थांना एकच विनंती. यंदा दिवाळीला आणि पुन्हा अक्षय्यतृतीयेला, आपल्या तळ्याखालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजा. दोन्ही आकडे घेऊन या, मग पुढचं व्याख्यान ठेवू.