बाळंतिणीचं रडणं ही बाधा नव्हे

बाळंतीण सारखी रडते, बाळाला जवळ घेत नाही, की वस्तीत लगेच 'बाहेरचं' निघतं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही! गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून ॲलोप्रेग्नॅनोलोन बनतं. ते मेंदू शांत ठेवतं. मेंदूच्या पेशींतली काही जनुकंही त्याच्या पातळीनुसार कमी-जास्त काम करतात. बाळंतपणानंतर ते झपाट्यानं घसरतं. काहींच्या मेंदूला ते झेपत नाही, असं शास्त्रज्ञ मानतात. याच द्रव्याचं औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालं. कामगार बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोलले. आपण तिला पंधरा दिवसांत पाण्याच्या रांगेत उभी करतो. रडणं दोन आठवड्यांवर गेलं तर लेकी-सुनेला परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभागात न्या. जीव नकोसा झाला म्हणाली, तर त्याच दिवशी.