हे सुरू कई होते बे?

लोकहो, आज एक कबुली. मी माझ्या चुलतभावापासून एक अल्बम दहा वर्षांहून जास्त काळ लपवून ठेवला होता.

झालं असं की, मला पिंक फ्लॉइड ऐकवला तो बाभुळगावात, दादाने. (यवतमाळहून धामणगावच्या एसटीत बसा, वाटेत लागतं.) अमरावतीच्या होस्टेलवरून त्याने 1994 चा 'द डिव्हिजन बेल' कॅसेटवर आणला होता. लाइट बंद, खाटेवर आडवं व्हायचं आणि साइड संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा त्याचा नियम. मी तेव्हा सातवीत. इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही, पण शेवटच्या गाण्यातली घंटा वाजली की अंगावर काटा यायचा. पुढे काका गेले, दादा शेतीत अडकला आणि मी पुण्यात आयटीत.

2014 च्या नोव्हेंबरमध्ये 'द एन्डलेस रिव्हर' आला. वीस वर्षांनी नवा अल्बम, आणि नाव त्याच घंटेच्या गाण्यातल्या शेवटच्या शब्दांवरून! मी फ्लॅटमधले दिवे घालवले, हेडफोन लावले आणि विसाव्या मिनिटाला ऑफिसची मेल बघायला लागलो.

अहो, प्रोग्रेसिव्ह रॉकची मजाच लांबण लावण्यात असते. 1971 चं 'एकोज' साडेतेवीस मिनिटांचं आहे, पण कुठेतरी नेऊन सोडतं. इथे अठरा तुकडे, एकूण 53 मिनिटं. एखादी सुरावट जरा आकार घेते, तोवर संपते. 1993 च्या बैठकांतून उरलेल्या वीसेक तासांच्या टेप्स गिल्मर आणि मेसन यांनी पुन्हा काढल्या. कीबोर्डवाला रिचर्ड राइट 2008 मध्येच गेला होता, त्याची आठवण म्हणून हा खटाटोप. हेतू नेक होता, कबूल. पण शब्द असलेलं गाणं एकच, तेही अगदी शेवटी. हे दादाला काय पाठवायचं? गप्प बसलो.

मागच्या हिवाळ्यात गावी गेलो, तर त्याने मोबाइल नाकासमोर धरला. पोरीने शोधून दिलं होतं.

"काहून सांगतलं नाही बे मले?"

काय सांगणार? "आज ऐकू," म्हटलं.

बेंबळा धरण आमच्याच तालुक्यात आहे, पण आमचा हरभरा अजून विहीर आणि मोटारीवर. त्या आठवड्यात थ्री-फेज लाइन रात्री बाराला यायची. म्हणून अकराला शेतातच बसलो. स्वेटर, मफलर, थर्मासमध्ये चहा आणि माझा ब्लूटूथ स्पीकर. मी एखाद्या नवरीच्या बापासारखा दादाच्या तोंडाकडे बघतोय.

सातव्या मिनिटाला त्याने नियम मोडला. स्वतःचाच.

"हे सुरू कई होते बे?"

"हेच आहे, दादा."

"असं?" तो उठून मोटारीचं स्टार्टर बघून आला. मग कापसाचा भाव निघाला, पोरीची बारावी निघाली. अल्बम मागे वाजत राहिला, हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतो तसा. बारा वर्षांच्या मला कुणी हे सांगितलं असतं तर मी मारामारी केली असती.

मग मधेच एक ऑर्गन आला, चर्चमध्ये असतो तसा. दादा बोलता बोलता थांबला.

"हा कोण वाजवून राह्यला?"

"राइट. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला ऑर्गन आहे. 1969 चं रेकॉर्डिंग."

"म्हणजे गेला तो?"

"हो."

तुकडा जेमतेम दीड मिनिटाचा, संपलासुद्धा. "अजून एक डाव लाव," दादा म्हणाला. लावला. मग आणखी एकदा. दोन्ही वेळा तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

"बाकी तुहा अल्बम बेकार आहे," तो नंतर म्हणाला. "पण सांगाचं तर होतं लेका. बेकार तर बेकार, दोघं मिळून शिव्या देल्या असत्या."

शेवटचं गाणं, ते एकमेव शब्दांचं, नुकतं सुरू झालं आणि लाइन आली. मोटारीने घरघर केली. दादा फावडं घेऊन दांडाकडे निघालासुद्धा. मी स्पीकर तसाच ठेवला आणि टॉर्च घेऊन त्याच्यामागे पळालो.