ठरावाखालची सही

स्मरणिकेच्या संपादकीयात संस्थेच्या वर्षभराच्या कार्याचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो आढावा कार्यवाहांनी पुढील पानांवर घेतलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही येथे करीत नाही. या जागी आम्ही वाचकांचे लक्ष आपल्या शेजारच्या एका समाजाकडे वेधू इच्छितो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांचा ज्यू समाजाशी कोठे ना कोठे संबंध येतोच. कचेरीत, रुग्णालयात, मुलांच्या शाळेत. या समाजाच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, एखाद्या परिषदेने अमुक प्रश्नावर ठराव केल्याचे वृत्त आपण वाचतो, आणि पुढे रब्बींच्याच दुसऱ्या परिषदेची नेमकी विरुद्ध भूमिका आपल्या वाचनात येते. अशा वेळी यांतील ज्यू धर्माचा खरा आवाज कोणता, असा संभ्रम आपल्यापैकी अनेकांना पडतो. त्या संभ्रमाच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे. धर्मगुरू एकत्र येऊन बोलतात तेव्हा त्या बोलण्याची किंमत कोण मोजतो?

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, रब्बी म्हणजे पुरोहित नव्हे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. तेथे बळी अर्पण करणाऱ्या पुरोहितवर्गाचे कार्य त्याबरोबरच संपुष्टात आले आणि समाजाचे नेतृत्व धर्मशास्त्र जाणणाऱ्या विद्वानांकडे आले. हे विद्वान म्हणजे रब्बी. त्यांच्यात पोपसारखा सर्वोच्च अधिकारी नाही. सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात बहुमताच्या निर्णयाबरोबर अल्पमतही नावानिशी नोंदविलेले आढळते. जे मत फेटाळले गेले ते लिहून का ठेवायचे, असा प्रश्न त्या ग्रंथानेच उपस्थित केला आहे. आणि उद्याच्या न्यायमंडळाला त्या मताचा आधार घ्यावासा वाटला तर तो उपलब्ध असावा, असे त्याचे एक उत्तरही दिले आहे. पराभूत मताचा असा मान राखणारी परंपरा आम्हांस विशेष आदरणीय वाटते.

अमेरिकेत या परंपरेने संस्थांचे रूप धारण केले. सुधारणावादी रब्बींची 'सेंट्रल कॉन्फरन्स ऑफ अमेरिकन रब्बीज' ही परिषद १८८९ साली स्थापन झाली. मध्यममार्गी म्हणता येईल अशा कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या 'रॅबिनिकल असेंब्ली'चा आरंभ १९०१ चा, तर ऑर्थोडॉक्स रब्बींच्या 'रॅबिनिकल कौन्सिल ऑफ अमेरिका'चा १९३५ चा. या सर्व पंथांना एका व्यासपीठावर आणणारी 'सिनेगॉग कौन्सिल ऑफ अमेरिका' १९२६ साली निघाली होती. तेथे प्रत्येक घटक संस्थेला नकाराधिकार होता. त्यामुळे बोलता येई ते सर्वांना रुचेल तेवढेच. १९९४ साली ती संस्था विसर्जित झाली. एकमताचा आग्रह धरला की आवाज क्षीण होत जातो, हा त्या अनुभवाचा एक धडा म्हणता येईल.

याउलट रॅबिनिकल असेंब्लीच्या धर्मशास्त्र समितीची पद्धत पाहण्यासारखी आहे. या समितीत मताधिकार असलेले २५ रब्बी असतात. एखाद्या लेखी निर्णयाला त्यांपैकी सहा जणांची मते मिळाली तरी तो समितीचे अधिकृत मत म्हणून ग्राह्य धरला जातो. त्यामुळे एकाच प्रश्नावर दोन अधिकृत मते संभवतात, आणि त्यांतील कोणते स्वीकारायचे हे त्या त्या सिनेगॉगचा रब्बी ठरवितो. डिसेंबर २००६ मध्ये समलिंगी व्यक्तींना रब्बीपदाची दीक्षा द्यावी की नाही, हा प्रश्न समितीपुढे आला. द्यावी असे म्हणणाऱ्या निर्णयाला तेरा मते पडली. देऊ नये असे म्हणणाऱ्या निर्णयालाही तेराच! एकूण मतदार २५ असता बेरीज २६ होते, याचा अर्थ किमान एका सदस्याने दोन्ही मते मान्य होण्याजोगी मानली. त्यानंतर चार सदस्यांनी निषेध म्हणून समितीचा त्याग केला. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटेल. आम्हांस मात्र त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. समाजात फूट आहे हे खरे असेल, तर ती एकमताच्या रंगाखाली झाकण्यापेक्षा कागदावर मांडलेली बरी.

परंतु कागदावर मांडणे म्हणजे आचरणे नव्हे. १९२२ साली सुधारणावादी परिषदेने स्त्रियांना रब्बीपदाची दीक्षा नाकारणे न्याय्य ठरणार नाही, असा कौल दिला. त्या पंथाच्या विद्यालयाने मात्र जुनीच प्रथा पुढे चालू ठेवली. जर्मनीत १९३५ साली रेगिना योनास या विदुषीला खाजगीरीत्या दीक्षा मिळाली. १९४४ साली आउशवित्झच्या छळछावणीत तिची हत्या झाली. अमेरिकेतील पहिली स्त्री रब्बी, सॅली प्रीसँड, यांना दीक्षा मिळाली ती १९७२ साली. ठराव आणि आचरण यांच्यामध्ये पन्नास वर्षे गेली. त्या पन्नास वर्षांत ठरावावर मत देणाऱ्यांचे काही अडले नाही. अडले ते ज्या मुलींनी शिकण्याची इच्छा धरली त्यांचे. कोणत्याही ठरावाचे मोल पारखण्याची कसोटी आम्हांस येथेच सापडते. त्याच्या शब्दांइतकेच महत्त्व या गोष्टीला आहे की, त्याचा भार सही करणाऱ्याच्या खांद्यावर पडतो, की दुसऱ्याच कोणाच्या?

या कसोटीवर काही प्रसंग तपासून पाहू. ६ ऑक्टोबर १९४३ रोजी सुमारे चारशे ऑर्थोडॉक्स रब्बी वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून चालत निघाले. युरोपात ज्यूंचा संहार चालू होता आणि अमेरिकेने त्यांच्या सुटकेसाठी काही करावे, ही त्यांची मागणी होती. त्यांच्यातील बरेच जण स्वतः पूर्व युरोपातून आलेले स्थलांतरित होते. प्रतिष्ठित ज्यू नेत्यांपैकी अनेकांना हा मोर्चा नको होता. परक्या वेषातली माणसे राजधानीत दिसली तर समाजाची शोभा होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर त्यांची भेट घेतली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी घेतली नाही. जानेवारी १९४४ मध्ये युद्धनिर्वासितांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्यामागे अनेक दबाव होते. त्यांत या पायी चालणाऱ्यांचाही वाटा होता. नव्या देशात आपण आपल्या वेषात, आपल्या उच्चारांत दिसलो तर लोक काय म्हणतील, या संकोचाचा अनुभव आपणांसही आहे. म्हणून हा प्रसंग आम्हांस जवळचा वाटतो.

दुसरा प्रसंग अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहराचा. एप्रिल १९६३ मध्ये तेथील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी संयुक्त पत्रक काढून वर्णभेदाविरुद्धची निदर्शने अप्रस्तुत आणि अवेळी असल्याचे म्हटले व न्यायालयांवर विश्वास ठेवण्याचा सल्ला दिला. या आठांत सात ख्रिस्ती होते आणि एक रब्बी, मिल्टन ग्राफमन. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून लिहिलेले सुप्रसिद्ध पत्र म्हणजे याच पत्रकाला दिलेले उत्तर होय. ही आठ माणसे दुष्ट नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी वर्णविभाजनाविरुद्धचे न्यायालयीन निर्णय पाळण्याचे आवाहन केले होते, आणि त्या काळच्या अलाबामात तेवढे म्हणणेही धोक्याचे होते. चूक होती ती भाराच्या वाटणीत. धीर धरण्याचा उपदेश त्यांनी केला. धीर धरायचा होता तो मात्र कृष्णवर्णीयांनी.

त्यानंतर चौदा महिन्यांनी किंग यांनी फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथून सुधारणावादी रब्बींच्या परिषदेस तार पाठवून साहाय्य मागितले. परिषदेचे अधिवेशन त्या वेळी अटलांटिक सिटी येथे भरले होते. पाठिंब्याचा ठराव संमत करून पुढील विषय घेता आला असता. परंतु सोळा रब्बी उठले आणि सेंट ऑगस्टीनला गेले. १८ जून १९६४ रोजी, कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारणाऱ्या ठिकाणी निदर्शने करताना, त्यांना अटक झाली. त्याच दिवशी तेथील एका मोटेलच्या जलतरण तलावात काळे आणि गोरे एकत्र पोहू लागले, तेव्हा मोटेलच्या व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले. त्या रात्री कोठडीत, एका दिव्याच्या प्रकाशात, या रब्बींनी आपण का आलो हे सांगणारे सामूहिक पत्र लिहिले. इतरांना उपदेश करताना आमचा आवाज मोठा होता, पण हात बहुधा रिकामेच राहिले, अशा आशयाची कबुली त्यात आहे. युरोपातील ज्यूंच्या भट्ट्यांचा धूर जगाने मुकाट्याने पाहिला, याचे स्मरणही त्यात आहे. पत्रावर १९ जूनची तारीख आहे. त्याच दिवशी सिनेटने नागरी हक्क विधेयक संमत केले.

या सोळांच्या पत्रामुळे विधेयक संमत झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिवाय बाहेरून आलेले रब्बी सुटल्यावर आपापल्या गावी परतत, आणि मागे राहणाऱ्या दक्षिणेतील ज्यू कुटुंबांना रोष सोसावा लागे, ही दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटातील सिनेगॉगवर बाँब टाकला गेला, कारण तेथील रब्बी जेकब रॉथचाइल्ड वर्णभेदाविरुद्ध उघडपणे बोलत असत. तथापि, सेंट ऑगस्टीनच्या पत्राखालील सह्या तुरुंगात झाल्या होत्या. शब्द आणि शरीर एकाच ठिकाणी होते. या पत्राचा अधिकार त्यातून आला.

त्याच १९६४ च्या उन्हाळ्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला रब्बींच्याच एका सामूहिक निर्णयाविरुद्ध लढा चालू होता, आणि ते लढणारे मराठी बोलत होते. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला बेने इस्रायल समाज आपल्या परिचयाचा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची. १९४८ नंतर यांतील हजारो कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे ज्यूंचे विवाह प्रमुख रब्बींच्या अधिकाराखाली होतात. त्यामुळे अमेरिकेतील परिषदेचा ठराव हा विचार असतो, तर तेथील रब्बीमंडळाचे परिपत्रक हा हुकूम ठरतो. १९६१ साली या मंडळाने बेने इस्रायलांशी विवाह करण्यास तत्त्वतः हरकत नसल्याचे म्हटले. परंतु १९६२ साली निघालेल्या सूचनांनुसार विवाह नोंदविणाऱ्या रब्बीने बेने इस्रायल वधू-वरांच्या मातृकुलाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत तपासणी करावयाची होती. कोकणातील एकाकी शतकांत घटस्फोटाचे व विवाहाचे नियम यथाशास्त्र पाळले गेले होते काय, ही त्यांची शंका होती.

कुळाची कागदपत्रे मागून माणसाची पात्रता ठरविणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बेने इस्रायलांमध्ये रब्बींची स्वतंत्र परंपरा नव्हती. ज्यांच्याविषयी निर्णय झाला त्यांच्यापैकी कोणी निर्णय करणाऱ्यांच्या पंक्तीत नव्हते, आणि निर्णयाचा सारा भार त्यांच्या लेकीसुनांवर पडला. समाज रस्त्यावर आला. जेरुसलेममध्ये ठिय्या देण्यात आला, उपोषणे झाली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतर ज्यूंसारखेच आहेत, असे घोषित केले. त्या महिन्याच्या अखेरीस रब्बीमंडळाने परिपत्रकातून बेने इस्रायलांचे नाव काढून टाकले. मात्र ज्यांच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करण्याची तरतूद कायम राहिली. विजय झाला तो नाव वगळण्यापुरता. परंतु ज्यांना बोलाविलेच नव्हते त्यांनी आपला आवाज तेथे पोहोचविला, ही गोष्ट लहान नाही.

एकाच धर्माचे, एकाच शास्त्राचे अभ्यासक एकाच वर्षी एकीकडे दुसऱ्याच्या हक्कासाठी तुरुंगात जातात आणि दुसरीकडे त्यांच्यापैकीच काही जणांच्या नियमाविरुद्ध त्यांचेच धर्मबांधव उपोषणास बसतात. यावरून ज्यू धर्म असा किंवा तसा, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शास्त्र तेच होते. भार कोणी उचलला, एवढाच फरक होता.

परदेशातील आपल्या संस्थाही दरवर्षी ठराव करतात. ते टाळ्यांच्या गजरात संमत होतात, आणि ते योग्यच आहे. तरीही पुढील वेळी हात वर करताना आपल्या मंडळींनी दोन गोष्टी पाहाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. विरोधी मत असेल तर त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. आणि ज्यांच्याविषयी ठराव आहे त्यांच्यापैकी कोणी सभागृहात बसलेले आहे काय, हे मान वळवून एकदा पाहून घ्यावे. नसेल, तर त्यांना बोलावून आणावे. मग मते मोजावीत.

— संपादक मंडळ