वाचनाचा वेग आणि अर्थाची किंमत

परीक्षांचा हंगाम जवळ येऊ लागला, की मिनिटाला हजार-हजार शब्द वाचायला शिकवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती दिसू लागतात. त्यांना गिऱ्हाईक मिळते, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील ८० प्रश्न दोन तासांत सोडवावे लागतात, आणि त्यांतले बरेचसे उताऱ्यांवर आधारलेले असतात. ज्याचे वाचन मंद, त्याला ठाऊक असलेले उत्तर नोंदवायलाही वेळ उरत नाही. लिपिकापुढे परिपत्रकांचा ढीग असतो, शिक्षकापुढे उत्तरपत्रिकांचा. तेव्हा गरज खरी आहे. प्रश्न एवढाच, की त्या गरजेवर विकला जाणारा उपाय तितकाच खरा आहे काय?

हा व्यवसाय तसा जुना आहे. इव्हलिन वुड या अमेरिकन शिक्षिकेने १९५९ साली वॉशिंग्टनमध्ये शीघ्रवाचनाची संस्था काढली आणि पुढे या विद्येचा तिकडे मोठा बोलबाला झाला; जिमी कार्टर यांनी अध्यक्षपदी असताना तिचे धडे घेतले. या पद्धतीचे सूत्र साधारणपणे असे : बोट पानावरून झरझर सरकवावे, एका दृष्टिक्षेपात शब्दांचे पुंजके टिपावेत, मनातल्या मनात उच्चार करू नये आणि वाचलेल्या ओळीकडे पुन्हा वळून पाहू नये.

ऐकायला हे पटण्यासारखे वाटते. परंतु डोळ्याची रचना त्याला अनुकूल नाही. वाचताना डोळा ओळीवरून संथपणे वाहत नाही, तो उड्या घेत जातो. प्रत्येक उडीनंतर तो सुमारे पाव सेकंद थांबतो आणि या थांब्यातच अक्षरे टिपली जातात. स्पष्ट दिसणारा टापू फार लहान असतो. इंग्रजी मजकुरात एक उडी सरासरी सात ते नऊ अक्षरांची भरते. सबंध परिच्छेद एका नजरेत ‘गिळणे’ म्हणूनच शक्य नसते. मनातला उच्चारही निरर्थक नव्हे. गुंतागुंतीचे वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याचे धागे तोच धरून ठेवतो. आणि मागे वळणारा डोळा आळशी नसतो, तो बहुधा निसटलेला अर्थ शोधत असतो.

संशोधनाचा कौलही याच बाजूचा आहे. मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८०च्या दशकात तालीम घेतलेल्या शीघ्रवाचकांची तुलना सर्वसाधारण वाचकांशी केली. सोप्या मजकुराचा गोषवारा शीघ्रवाचकांना सांगता आला. तपशील आणि अवघड मजकूर यांच्या बाबतीत मात्र ते मागे पडले. कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली या विषयावरील सर्व पुरावा तपासला, तेव्हा वेग आणि अचूकता यांत देवाणघेवाण अटळ आहे, असाच निष्कर्ष निघाला. बेल्जियमच्या मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा इंग्रजी मूकवाचनाचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २४० शब्द भरला. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून घेणाऱ्या मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, हे उघड आहे. पण हजाराची हमी किती पोकळ आहे, हे समजायला तो पुरेसा आहे.

मग वेग वाढतच नाही काय? वाढतो, परंतु तो डोळ्याच्या कसरतीने नव्हे, शब्दसंग्रहाने आणि विषयाच्या परिचयाने वाढतो. महसूल खात्यातला अनुभवी लिपिक फेरफाराची नोंद क्षणात वाचतो, कारण पुढे कोणता शब्द येणार हे त्याला जवळजवळ ठाऊक असते. त्याच्याच हाती वैद्यकशास्त्राचा ग्रंथ दिला, तर त्याची गती अडखळते. डोळा तोच असतो, पूर्वज्ञान मात्र नसते. वेग हे आकलनाचे फळ आहे. फळ आधी आणि झाड मागून, असे होत नाही.

वेगाच्या बरोबरीने विवेकही हवा. शासन निर्णय हाती आला, की विषय आणि दिनांक पाहून तो आपल्या कामाचा आहे की नाही, हे झटपट ठरवावे. प्रस्तावनेवरून नजर फिरवली तरी चालेल. परंतु प्रत्यक्ष आदेशातील ‘परंतु’ आणि ‘वगळून’ या शब्दांपाशी थांबलेच पाहिजे. तिथे केलेली घाई एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन अडकवू शकते. विद्यार्थ्यानेही उतारा वाचल्यावर पान झाकून त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावा. सांगता आला नाही, तर वाचलेली मिनिटे वाचली नाहीत, वाया गेली.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती शाळेत. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य योग्यच आहे. अक्षर-अक्षर जुळवण्यात दमलेल्या मुलाला वाक्याचा अर्थ लागणार कसा? पण यातले ‘६०’ घड्याळाने मोजता येतात, ‘अर्थासह’ मोजायला मुलाशी बोलावे लागते. तपासणीच्या धांदलीत मोजायला सोपे तेवढेच मोजले गेले, तर धाडधाड वाचणारी आणि वाचलेले सांगू न शकणारी मुले तयार होतील. मोठेपणी हजार शब्दांच्या जाहिरातींना फसणारी माणसे हीच.

यावरचा उपाय खर्चिक नाही. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नसावे, रोज थोडा वेळ मुलांनी हवे ते पुस्तक वाचावे आणि नंतर शिक्षकांनी ‘किती वाचलेस?’ याआधी ‘काय वाचलेस?’ असे विचारावे. असा प्रश्न ऐकत वाढलेल्या मुलाचा वेग आपोआप वाढेल. आणि कुठे थांबावे, हेही त्याला कोणा शिकवणीवाल्याकडून शिकावे लागणार नाही.